पाठ टेकल्यावरचा निकाल

पिंपळदरा, ता. पारनेर
१२ नोव्हेंबर २०२४

बेटा राहील यास अब्बाचा सलाम आणि दुआ.

तुझी तब्येत कशी आहे? सूनबाईंची कंबर धरली होती असं तुझी अम्मी म्हणाली, ती सुटली का? अलिझाचा खोकला गेला का? लवंग भाजून, कुटून मधातून चाटवा, डॉक्टरच्या बाटलीची वाट बघू नका. सूनबाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो का? इकडं अम्मीचे गुडघे जुन्या दारासारखे कुरकुरतात, पण जीभ चांगली चालते, म्हणजे काळजीचं काही नाही. भागवतला शुगर निघाली. हलगी वाजवणाऱ्याला गोड बंद झालं म्हणून गावात सगळे त्याला पेढा दाखवून चिडवतात. माझं म्हणशील तर कान सोडून सगळं ठणठणीत. मातीत मोडलेल्या कानांनी आता म्हातारपणी ऐकायचंही सोडलं. फोन लावला की मला पिठाची गिरणी ऐकू येते. म्हणून तुझ्याशी अम्मी बोलते आणि मला त्यातलं निम्मं सांगते. कोणतं निम्मं ते ती ठरवते.

म्हणून हे पत्र. आठ वर्षांत पहिलंच आहे, तर अक्षर सांभाळून घे. पत्ता अम्मीने गोळ्यांच्या खोक्यावर लिहून ठेवला होता, तिथून उतरवला.

कारण असं झालं. भागवतच्या मोबाईलवर मारामारीची कुस्ती चालू होती, पिंजऱ्यात खेळतात ती. तो ओरडायला लागला (ओरडला तरच मला कळतं) की चांदभाई, हा तुझा राहील हाय. पाहिलं तर पिंजऱ्याच्या बाहेर उंच स्टुलावर तू बसलेला, काळा शर्ट, हातात कागद. अम्मी म्हणाली होती की तू बंगळुरात पोरांना शिकवतोस. पंच झालास हे तिने सांगितलं नव्हतं.

मला काय वाटलं ते राहू दे. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याच मिनिटात त्या निळ्या हातमोज्याच्या पोराला लाल हातमोज्याने उचलून पाठीवर आपटलं. दोन्ही खांदे टेकले, मी डोळ्यांनी पाहिलं. मी भागवतला म्हणालो, झालं, बंद कर, बॅटरी वाया जाते. त्याने बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याचा नातू म्हणतो की निळा जिंकला, पंचांनी दिला. राहील, पाठ टेकलेल्याला कुस्ती कशी दिली? तीन पंच होतात ना? तिघांच्याही डोळ्यांवर झापड आली होती का? पंचाचं काम लई नाजूक असतं, बेटा. कुणी काही म्हणायच्या आत स्वतः सांभाळावं, म्हणून लिहिलं. राग मानू नको.

तुझा
अब्बा

---

बंगळुरू
२४ नोव्हेंबर २०२४

अब्बा, सलाम.

पत्र मिळालं. इथं सगळे बरे आहेत. अलिझाचा खोकला गेला. हिची कंबर बरी आहे.

त्या फाइटबद्दल विचारलंत, म्हणून सांगतो. तुम्ही ती पहिल्या मिनिटाला बंद केलीत. ती पंधरा मिनिटं चालली. आमच्याकडे पाठ टेकल्याने काही संपत नाही. खरा खेळ कधी कधी तिथून सुरू होतो. निळा खाली पडल्यावर त्याने खालून कोपर मारून वरच्याची भुवई फोडली, मग त्याचा हात पायांत धरून पिळला. वरचा कसाबसा सुटला. वरचा नुसता वर होता. नुसतं वर असण्याला आमच्याकडे गुण नाहीत.

पद्धत अशी आहे. आत असतो तो रेफरी. तो खेळ सांभाळतो, गुण देत नाही. गुण आम्ही तिघं देतो. तिघं पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बसतो, कारण एका बाजूने जे दिसतं ते दुसरीकडून दिसत नाही. एकमेकांशी बोलायचं नाही. पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन. जो फेरी जिंकला त्याला दहा, हरला त्याला नऊ. फारच मार खाल्ला तर आठ. आधी बघायचं की कुणाच्या फटक्याने, कुणाच्या पकडीने समोरच्याचं खरं नुकसान झालं. ते अगदी बरोबरीचं असेल तरच बघायचं की चालून कोण गेला. तेही सारखं असेल तर मग पिंजऱ्यात ताबा कुणाचा होता.

आणि प्रत्येक फेरी वेगळी धरायची. पहिलीत जे झालं ते दुसरीत आणायचं नाही. फेरी संपली की लगेच चिठ्ठी काढून नेतात, मागाहून सुधारता येत नाही.

आमच्या डोळ्यांवर झापड नव्हती. तिघांनीही निळ्यालाच दिली.

राहील

---

पिंपळदरा
१० डिसेंबर २०२४

बेटा राहील यास सलाम, दुआ.

तू, सूनबाई, अलिझा, सूनबाईंच्या आई सगळे खुशाल असाल. इथं थंडी चांगली पडली. अम्मी दोन स्वेटर घालते आणि तरी शेकोटीपाशी माझी जागा घेते.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा भागवतला वाचून दाखवलं. चूक माझी. आपल्या मातीत पाठ टेकली की आभाळ दिसलं, खेळ खलास, त्यामुळे मी पुढचं पाहिलंच नाही. तीस वर्षं पंचगिरी केलेल्या माणसाने एका मिनिटात मोबाईल बंद करावा आणि तुला शहाणपण शिकवावं! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता ती अख्खी लढत पाहिली. खालून कोपर कसं मारलं ते तू लिहिलंस म्हणून दिसलं, नाहीतर दिसलं नसतं.

आता मला या गोष्टीचा नादच लागला आहे. सकाळी दूध घातलं की मी आणि भागवत बसतो. तो मोबाईल धरतो, मी कॅलेंडरच्या मागं गुण लिहितो. तीन लढतींचे गुण सोबतच्या कागदावर आहेत. बरोबर की चूक ते तपासून पाठव. तू पोरांना शिकवतोस, तर एक म्हातारा शिष्य जास्तीचा समज. फी मिळणार नाही.

घरातही दहा-नऊ चालू आहे. परवा गॅसची टाकी कुणी विसरली यावर आमची एक फेरी झाली. अम्मी दहा, मी आठ. मी चालून गेलो होतो, पण तू लिहिलंस तसं, नुसतं चालून जाण्याला किंमत नाही. तिचा एकेक शब्द लागत होता. गावात ग्रामपंचायतीची सभा झाली, तिथंही मी मनात गुण दिले. सरपंच सगळ्या वेळ वर होता पण केलं काहीच नाही. लंकाबाई पाण्याच्या टाकीबद्दल खाली बसूनच बोलली आणि फेरी तिची.

एक शंका आहे. शिकायचं म्हणून विचारतो, दुसरं काही नाही. पिंजऱ्यात पंचाच्या घरचं माणूस उतरलं, भाऊ म्हण, पोरगा म्हण, तर तुमच्यात काय करतात?

चैत्रात आपला कुस्त्यांचा हगामा आहे. तारीख १३ एप्रिल धरली आहे. आखाड्यात नवी माती टाकणार आहेत, तेल आणि ताक घालून मळणार. उगीच कळवलं.

गुण तपासून लवकर पाठव.

तुझा
अब्बा

---

बंगळुरू
५ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

उशीर झाला. वर्षअखेरीला सलग कार्यक्रम होते.

तुमचे कागद तपासले. पहिली लढत बरोबर. तिसरीही बरोबर, आणि तिच्यातली दुसरी फेरी तर अवघड होती, आमच्या नव्या जजने ती चुकवली होती. दुसऱ्या लढतीत चुकलात. लाल पोरगा चार मिनिटं समोरच्याला जाळीला दाबून उभा राहिला, म्हणून तुम्ही त्याला दहा दिले. पण दाबून त्याने केलं काय? जाळीला लागलेल्याने तेवढ्यात तीन गुडघे बरगडीत घातले. शेवटच्या मिनिटाला लाल वाकून श्वास घेत होता. मागं रेटला गेला म्हणजे हरला, ही आखाड्यातली सवय आहे. ती मलाही सोडावी लागली. सोडायला दोन वर्षं गेली.

आणखी एक. पहिल्या फेरीत लालने सुंदर डाव टाकला. तो तुम्हाला आवडला, कागदावर तसं लिहिलंही आहे. ती आवड तुम्ही दुसऱ्या फेरीत घेऊन गेलात.

अम्मी फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली पोस्टमनची वाट बघत पारावर बसता. थंडीत बसू नका.

तुमची शंका. जजच्या घरचा, गावचा किंवा तालमीतला कुणी असेल तर जजने आधी सांगायचं असतं. मग त्या लढतीपुरता त्याला उठवतात. त्यात कमीपणा नसतो. गेल्या महिन्यात आमच्याच जिममधला एक पोरगा उतरला. मी आधी कळवलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. तिथं बसून मला ओरडता आलं. खुर्चीत असतो तर ओरडता आलं नसतं.

तुम्हाला कुणी उठवलं नाही, अब्बा. आणि तुम्ही उठला नाहीत. मी त्या दिवसाबद्दल इतकंच म्हणेन.

राहील

---

पिंपळदरा
२६ जानेवारी २०२५

बेटा राहील,

या वेळी खुशाली विचारत नाही. विचारत बसलो तर पत्र तिथंच संपवीन आणि जे लिहायचं ते पुन्हा राहून जाईल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं किती दिवस? गुण, फेऱ्या, लाल-निळा, हे सगळं शिकायला मला आवडलं, खोटं नाही. पण मी प्रश्न पाठवत होतो ते तुझं उत्तर यावं म्हणून. तू दुसऱ्या कशाबद्दल लिहिणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं. तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. आठ वर्षं कळतच होतं. आता मी तोंडाने कबूल करतो.

सगळं तुला माहीत आहे, तरी मी पाहिलं तसं सांगतो. हगाम्यातली शेवटची, मानाची कुस्ती. तू आणि वरच्या वाडीचा गोरक्षनाथ. समितीने पंच म्हणून माझंच नाव पुकारलं, कारण दरसाल तेच पुकारायचे. मी दोघांचे हात मिळवले, तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, बाप पंच, पोरगा पैलवान, मग निकाल लागल्यालाच हाय की. लोक हसले. तेव्हा माझे कान चांगले होते, बेटा. त्या माणसाचं तोंड मी पाहिलं नाही, पण आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसरं काही ऐकू येत नाही, तो येतो.

अठराव्या मिनिटाला तू ढाक मारलीस. गोरक्ष हवेत फिरला आणि तू त्याच्यावर पडलास. मी गुडघ्यावर बसलो, गाल मातीला लावला. त्याचा उजवा खांदा टेकलेला होता. डावाही टेकला. दोन्ही टेकले, राहील. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ टेकले. मी पाहिलं.

हात वर करायचा होता तो वर झाला नाही. मी शिटी मारली, तुम्हाला सोडवलं आणि सांगितलं की खांदा टेकला नाही, कुस्ती बरोबरीत.

लोकांनी माझी वाहवा केली. म्हणाले, पंच असावा तर चांदभाईसारखा, पोटच्या पोरालाही सोडत नाही. मी फेटा बांधून घेतला. इतक्या वर्षांच्या माझ्या खरेपणाला मी इतका जपलो की त्यापायी खोटं बोललो. आणि ज्याचं हिसकावून घेतलं तो तू होतास, कारण तुझं घेतलं तर कुणी मला बोलणार नव्हतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आठ दिवसांनी तू घर सोडलंस. अम्मीने मला एकदाही विचारलं नाही की झालं काय. मला वाटतं तिलाही ठाऊक आहे.

माफी मागण्याचीही एक पद्धत असेल, ती मला येत नाही. चुकलो. उत्तर दे. गुण नकोत, उत्तर दे.

अब्बा

---

पिंपळदरा
२ मार्च २०२५

राहील बेटा,

महिना उलटला. पोस्टमन म्हणतो, पत्र आलं तर मी घरी आणून देईन, पारावर बसू नका. मी ऊन खायला बसतो असं त्याला सांगितलं. मार्चमध्ये ऊन खाणारा म्हातारा त्याने पहिल्यांदा पाहिला असेल.

तुझी अम्मी फोनवर बोलली की माझ्याकडे पाहून मान हलवते. म्हणजे सगळे बरे आहेत, एवढंच समजतं. तू बरा आहेस ना? जास्त काही मागत नाही.

अब्बा

---

बंगळुरू
१४ मार्च २०२५

अब्बा,

तुमचं जानेवारीतलं पत्र आल्यापासून मी दोन कार्यक्रमांना जज म्हणून बसलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येतीला काही झालेलं नाही.

तुम्ही लिहिलंत की सगळं तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

अब्बा, मी वर होतो. माझं तोंड गोरक्षच्या छातीत होतं, डोळ्यांत माती होती. त्याचे खांदे मला दिसत नव्हते. तुम्ही म्हणालात टेकला नाही, तर टेकला नसेल. मी एक क्षणही शंका घेतली नाही. सगळ्या तालुक्यात एकच माणूस असा होता की ज्याचा निकाल चुकत नाही, आणि तो माझा बाप होता. मी पोरांना शिकवताना तुमचं नाव घेतो. जजच्या परीक्षेला बसलो तो तुमच्यामुळे. आठ वर्षं मी मनात ती ढाक पुन्हा पुन्हा मारून बघितली, की हात कुठं सैल पडला, वजन कुठं कमी पडलं. ते कुठंच कमी पडलेलं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

मी निकालामुळे गेलो नाही. तुम्ही आठ वर्षं तसं समजत होतात, हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मी गेलो ते त्या संध्याकाळमुळे. अंगावरची माती धुऊन मी जेवायला बसलो. अम्मीने वाढलं. तुम्ही समोर होतात. मी वाट बघत होतो की तुम्ही काहीतरी बोलाल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. इथं चुकलास, तिथं पाय मागं राहिला, काहीही. तुम्ही ताटावरून डोळे उचलले नाहीत. दोनच शब्द बोललात. मीठ दे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आखाड्यात तुम्ही पंच होतात ते ठीक. पण घरी आल्यावर मला बाप पाहिजे होता. मला वाटलं, जिंकता आलं नाही म्हणून तुम्हाला माझी लाज वाटते. ज्या घरात बाप पोराकडे बघत नाही तिथं राहून काय करायचं, म्हणून एसटी धरली.

तुम्हाला लाज स्वतःची वाटत होती. मला वाटलं माझी.

मी आता रागावलो आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. रोज वेगळं वाटतं. तेरा एप्रिलला माझी दिल्लीत नेमणूक आहे, ती मी काल मुद्दाम घेतली. हगाम्याला मी येणार नाही. पुढचं मला माहीत नाही.

गोरक्षला विचारा. पाठ त्याची होती.

राहील

---

पिंपळदरा
१६ एप्रिल २०२५

बेटा राहील यास अब्बाचा सलाम आणि खूप दुआ.

तू दिल्लीहून नीट परत आलास का? प्रवासात पाणी उकळलेलं पीत होतास का? सूनबाई कशा आहेत? अलिझा मोठ्या शाळेत जाणार होती, तिला दप्तर जड होत नाही ना? सूनबाईंच्या आईंना माझा सलाम सांग. अम्मीचे गुडघे उन्हाळ्याने मोकळे झाले. ती आजकाल माझ्याशी जास्त बोलते. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, मिठाचंही. ती चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली, आणि मग वळून म्हणाली की तेव्हा मीच बोलायला हवं होतं. तिलाही ठाऊक नव्हतं, बेटा. तिलाही वाटलं की मी तुझ्यावर नाराज आहे. एका घरात तीन माणसं तीन बाजूंना बसली होती, आणि तुमच्या नियमासारखी एकमेकांशी बोलत नव्हती.

तू सांगितलंस तसा गोरक्षकडे गेलो. तो आता दुधाचा टेम्पो चालवतो, पोट सुटलं आहे. किटल्या उतरवत होता. मी त्याला विचारलं, आणि मला ऐकू यावं म्हणून तो एवढ्या मोठ्याने बोलला की डेअरीतले सगळे बाहेर आले. म्हणाला, "चाचा, पाठ माझी हुती. दोन्ही खांदं टेकलं, वरून राहीलचं वजन. मला आभाळ दिसलं न्हाई व्हय? पन तुमी म्हनला बरोबरी, मग मी कशाला म्हनू न्हाई?" मग जरा खालच्या आवाजात काही म्हणाला, ते मला भागवतने नंतर सांगितलं. तो म्हणाला की त्या दिवसापासून मी राहीलला फोन केला नाही, करायचं तोंड नव्हतं. म्हणजे तोही.

या वर्षी मी पंच झालो नाही. समितीला आधीच कळवलं. का, असं विचारलं तेव्हा म्हणालो की हगाम्यात सांगतो. शेवटच्या कुस्तीआधी त्यांनी मला फेट्यासाठी आखाड्यात बोलावलं, माईक हातात दिला. मी फेटा घेतला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की आठ वर्षांपूर्वी याच मातीत मी खोटा निकाल दिला, खांदे टेकले होते, कुस्ती राहीलची होती. तू लिहिलं होतंस की चिठ्ठी एकदा गेली की सुधारता येत नाही. मी सुधारा असं म्हणालो नाही. पाहिलं काय होतं, तेवढं सांगितलं. गोरक्ष उडी मारून आत आला आणि पाठीवर निजून दाखवायला लागला की असा पडलो होतो, असा. लोक हसले बहुतेक, तोंडं उघडी दिसत होती. काहींनी शिव्याही दिल्या असतील. मला ऐकू आलं नाही, आणि विचारायलाही गेलो नाही.

मग मी कडेला लोकांत बसलो. तीस वर्षांत मी आखाडा बाहेरून पाहिला नव्हता. बाहेरून काय दिसतं, बेटा! एका पोराने खाली घुसून पट काढला तेव्हा मी उठून ओरडलो. भागवतने माझा सदरा ओढून खाली बसवलं. तू मागच्या रांगेतून ओरडतोस ते मला तेव्हा कळलं.

तू रागावला असशील तर तसाच राहा, घाई नाही. यायला कुठली तारीख धरायची गरज नाही. जूनमध्ये ये, दिवाळीला ये, किंवा येऊ नको आणि लिही. आठ वर्षं मी तुझ्या येण्याची वाट पाहिली ती अशी, की तू येशील आणि मी पुन्हा काही बोलणार नाही, आणि सगळं आपोआप नीट होईल. आता तसं म्हणत नाही.

त्या संध्याकाळी ताटावर बसून मी जे बोलायला हवं होतं ते लिहितो. उशीर झाला आहे, पण लिहितो.

राहील, आज तू फार चांगला लढलास. ढाक मारताना तू कमरेतून जसा फिरलास तसं मला माझ्या उमेदीत कधी जमलं नाही. मी तुझ्याकडेच बघत होतो. भाकरी गरम आहे, पोटभर जेव, बेटा.

उत्तर लवकर लिही. रागाचं असलं तरी चालेल, पण लवकर.

तुझा
अब्बा